गोदामाच्या दारावरची पाटी

पेठेतल्या कोणत्याही मोठ्या गोदामासमोर उभे राहिले, की दारावर एक पाटी हमखास दिसते : 'येथील सर्व माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे.' कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करताना ही पाटी लावून घेणे हे शाखाधिकाऱ्याचे काम. माझ्या नोकरीच्या काळात अशा पाट्या मीही पुष्कळ लावून घेतल्या. दर महिन्याला येणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये मालाचे नाव, परिमाण, दर, मूल्य असे सारे रकाने असत आणि त्यावरून मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर काढली जाई. माल भिजला तर त्याचे काय होते, पेटला तर कोणता वायू सुटतो, असा रकाना मात्र मी त्या छापील नमुन्यात कधी पाहिला नाही. गोदामात किती रुपयांचा माल आहे हे बँकेच्या दूरच्या विभागीय कार्यालयाला ठाऊक असते. तो माल कसला आहे हे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुटुंबाला ठाऊक नसते.

या कुटुंबाचा तो जाणण्याचा हक्क आहे काय, आणि असल्यास कायदा त्याला कोठवर साथ देतो, हा या महिन्याचा विषय.

मुंबईच्या व्यापाराने या प्रश्नाचे मोल फार पूर्वी मोजले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन दारूगोळाही होता. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा, हा बंदरांचा जुना नियम. या जहाजावर तो नव्हता. गोदीतील लोक आग लागल्यानंतरही बराच वेळ आपापल्या कामात होते. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली, गोदीलगतची वखारी आणि गोदामे जळून गेली. आग विझवण्यासाठी गेलेले 66 अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एका बावट्याने सारा अनर्थ टळला असता असे मी म्हणणार नाही. तथापि आपण कशाजवळ उभे आहोत, हे कळून दूर जाण्याची संधी पुष्कळांना मिळाली असती.

पुढे भोपाळ घडले. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाईडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. रुग्णालयात लोटलेल्या हजारोंना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही वायू नेमका कोणता आणि त्यावर उपचार कोणता, हे सांगणारे कोणी नव्हते. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट 1985 मध्ये, याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यात गळती झाली, तेव्हा त्या देशालाही जाग आली. 1986 साली तेथे जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'समाजाचा जाणण्याचा हक्क' हे शब्द आहेत. ठरावीक परिमाणापेक्षा अधिक घातक रसायन बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनाने दर वर्षी 1 मार्चपूर्वी आपल्या साठ्याचे विवरणपत्र तीन ठिकाणी द्यायचे : राज्याच्या आयोगाकडे, स्थानिक समितीकडे आणि जवळच्या अग्निशमन दलाकडे. ते मागून वाचण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे. आपल्या स्टॉक स्टेटमेंटचेच हे एक भावंड म्हणायचे. फरक इतकाच, की ते बँकेकडे न जाता शेजाऱ्याकडे जाते.

आपल्याकडे कायदा नाही, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली कलम 41-ब घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने आपल्या मालातील धोके आणि त्यावरचे उपाय कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक संस्था आणि परिसरातील सर्वसामान्य जनता या सर्वांना सांगितले पाहिजेत, असे ते कलम 2025 मध्ये तो अधिनियम रद्द होईपर्यंत म्हणत असे. 1989 च्या घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातविषयक नियमांनी त्यात भर घातली : साठ्याच्या जागेची पूर्वसूचना, आवाराबाहेरच्या आपत्तीचा आराखडा, आणि बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना माहिती देण्याचे बंधन. 1996 च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट स्थापण्यास सांगितले. स्थानिक गटात कारखाना निरीक्षक आणि पोलीस ठाण्याचे अधिकारी तर असतातच. शिवाय सरपंच किंवा समाजातील पुढारी, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक, दोन डॉक्टर आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांनाही जागा आहे. गटाने दरमहा बैठक घ्यावी आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम करावी, असेही नियमात आहे. आपल्या तालुक्यात अशी तालीम कोणी पाहिली असल्यास मला जरूर कळवावे.

खरी मेख मात्र परिमाणात आहे. पाणीपुरवठा केंद्रात वापरतात त्या क्लोरीनचे उदाहरण घेऊ. नुसत्या साठवणुकीला आपले 1989 चे नियम 10 टनांपासून लागू होतात. क्लोरीनचा मोठा सिलिंडर, ज्याला 'टनर' म्हणतात, तो साधारण 900 किलोचा असतो. असे 11 टनर एका आवारात ठेवले तरी 10 टन भरत नाहीत, आणि कुंपणापलीकडच्या माणसाला काही सांगण्याचे बंधन या नियमांखाली येत नाही. अमेरिकेत हीच मर्यादा 100 पौंड, म्हणजे सुमारे 45 किलो आहे. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात वापरल्या जाणाऱ्या अमोनियाची आपल्याकडील साठवणुकीची मर्यादा 60 टन, तेथे 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. ज्याने आयुष्यभर आकडे वाचले, त्याला हा फरक पाहून बेचैन व्हायला होते. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड आहे, तो जमिनीलगत आणि तळघरात साचतो. तेव्हा उंचावर जावे, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जावे. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून ओल्या कापडाचा उपयोग होतो. इतके दोन शब्दही शेजाऱ्याला सांगायचे, तर आधी आत काय आहे हे त्याला ठाऊक हवे.

मुंबईतच जुलै 2010 मध्ये शिवडीच्या हाजी बंदर भागात गोदीच्या आवारात पडून राहिलेल्या क्लोरीनच्या जुन्या सिलिंडरांपैकी एकातून गळती झाली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. तो आयात केलेला आणि कोणी सोडवून न नेलेला माल होता. बेवारस मालाचे विवरणपत्र भरायला मालकच नसतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी वसलेल्या कुरुंदवाडकरांना आणि एकूणच शिरोळ तालुक्याला 2005, 2019 आणि 2021 हे आकडे उलगडून सांगायला नकोत. आपल्याकडे आगीपेक्षा पाणी अधिक वेळा दाराशी येते, आणि पाण्याशी वैर असणारा माल आपल्या व्यापारात थोडाथोडका नाही. धान्याच्या गोदामात किडीसाठी ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलावा लागताच फॉस्फीन हा अतिविषारी वायू सोडतात. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो. इचलकरंजीच्या रंगाई आणि प्रोसेसच्या धंद्यात ज्याला 'हायड्रोज' म्हणतात, त्या पावडरीच्या पिंपात थोडेसे पाणी शिरले तरी ती आपोआप तापते, पेट घेऊ शकते आणि गंधकाचा घुसमटवणारा वायू सोडते. वेल्डिंगवाल्यांचे कार्बाईड पाण्याने ॲसिटिलीन देते. चुनकळीच्या पोत्यांवर पाणी पडले की त्या किती तापतात, हे बांधकामाचा माल विकणाऱ्यांना सांगायला नको. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही ॲसिड एका कोपऱ्यात ठेवले असेल आणि पुरात दोन्ही एकत्र आले, तर तयार होतो तो क्लोरीनच. हुपरीच्या चांदीच्या धंद्यात नायट्रिक ॲसिड लागते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

यातला कोणताही साठा टनांच्या मर्यादेजवळ जात नाही. म्हणजे कायद्याने कोणालाही काही सांगण्याची गरज नाही. पण पुराच्या रात्री बोटीतून येणारा जवान बंद गोदामाच्या शटरजवळून वल्हवतो, छपरावर अडकलेल्या माणसांना उतरवतो, तेव्हा आत कोणती पिंपे तरंगत आहेत हे त्याला कोण सांगणार? पाणी ओसरल्यावर शटर उचलणारा हमाल तर सर्वांत आधी आत शिरतो.

व्यापाऱ्यांच्या शंका मला ठाऊक आहेत. टेबलाच्या पलीकडे बसून त्या वर्षानुवर्षे ऐकल्या आहेत. साठा कळला तर प्रतिस्पर्धी भाव पाडेल, चोर येईल, एखादा अधिकारी भलतीच चौकशी करील. यातील चोरीची भीती मी खरी मानतो. अमेरिकी कायद्यानेही ती मानली आहे : साठ्याची नेमकी जागा जनतेपासून गोपनीय ठेवण्याची मागणी मालकाला करता येते, मात्र अग्निशमन दलाला ती कळतेच. भाव, पुरवठादार, ग्राहक यांची माहिती कोणी मागत नाही. विम्याच्या बाबतीत तर लपवणे आपल्याच मुळावर येते. आगीच्या विम्यात धोकादायक मालाचे वर्ग पाडून निराळे दर लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि जो माल प्रस्तावात सांगितला नाही, त्यापायी दावा अडण्याची शक्यता असते. चार रुपयांचा हप्ता वाचवण्यासाठी पूर्ण दावा पणाला लावू नये, असे मी ग्राहकांना सांगत असे.

मोठ्या कारखान्यांची माहिती मागण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, 2005 हाताशी आहे. एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती शासनाला दुसऱ्या कायद्याखाली मिळवता येते, तीही या अधिनियमात 'माहिती'च ठरते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. आवाराबाहेरच्या आपत्तीच्या आराखड्याची प्रत मागावी. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. दोन कारखान्यांसाठी दोन अर्ज केलेले बरे. उत्तराची मुदत 30 दिवसांची. व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून नकार आला, तर व्यापक जनहिताचा अपवाद त्याच कलमात आहे, तो अपिलात दाखवावा.

आपल्या लहान गोदामांसाठी मात्र अर्जाची आणि कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. व्यापारी मंडळाने मे अखेर एक साधा कागद फिरवावा : गोदामाचा पत्ता, पाण्याने बिघडणाऱ्या किंवा विषारी मालाचे नाव, अंदाजे परिमाण, तो कोणत्या उंचीवर ठेवला आहे, आणि रात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक. एक प्रत नगरपरिषदेत आणि एक पोलीस ठाण्यात द्यावी, दोन्हींची पोच घ्यावी. माल बदलला की कागद बदलावा. तिसरी प्रत गोदामात ठेवू नये. पुराचे पाणी जेथे पोहोचत नाही अशा एखाद्या नातलगाच्या घरी ती असावी.