शांतता राखा, म्हणजे नक्की काय राखा?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. लिहू की नको करत तीन आठवडे गेले, कारण हे पान आमचे नातेवाईकही वाचतात आणि त्यातल्या काहींना लागणार आहे. लागू दे. मलाही लागलंय.

झालं असं. वरसाव्याला आमच्या इमारतीत दर गुरुवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थना असते. चार-पाच वेगवेगळ्या चर्चची माणसं, मराठी, मल्याळी, तमिळ... घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जो वेळेवर सुटेल तो. गेल्या पावसाळ्यात एक नायजेरियन तरुण यायला लागला. कपड्यांचा छोटा व्यापार करणारा. पहिल्याच दिवशी तो असा काही गायला, की माझी सात वर्षांची मुलगी घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, ते काका पुढच्या गुरुवारी पण येणार ना?"

चार गुरुवार आला. पाचव्याच्या आधी सोसायटीकडून निरोप आला: असल्या लोकांना गेटच्या आत आणू नका, इमारतीची शांतता बिघडते. आम्ही काय केलं? त्याला फोन करून सांगितलं की या आठवड्यात प्रार्थना नाही. मग पुढच्या आठवड्यातही नाही. नंतर त्याने विचारणं सोडलं.

तो फोन मी केला होता.

तेव्हापासून 'शांतता' या शब्दाशी माझं भांडण चालू आहे. ख्रिस्ती लोकांत काही पंथांना शांतिवादी चर्च म्हणतात: क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रदरेन. शस्त्र हाती धरायचं नाही हा त्यांचा बाणा. पण त्यांचाही इतिहास सरळ नाही. १६८८ साली अमेरिकेत जर्मनटाउनला चार जणांनी गुलामगिरीच्या विरोधात लेखी निषेध केला आणि तो क्वेकरांच्या सभेपुढे ठेवला. सभेने काय करावं? प्रकरण जड आहे म्हणून वरच्या सभेकडे पाठवलं. तिने आणखी वर. सगळ्यात वरच्या सभेने ते बाजूला ठेवलं. फिलाडेल्फियाच्या त्याच वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवायची बंदी केली ती १७७६ साली. म्हणजे ८८ वर्षांनी! युद्धाला नाही म्हणणारी ही माणसं, पण आपापसात वाद नको म्हणून तेवढी वर्षं दुसऱ्याच्या पायातल्या बेड्या चालवून घेतल्या. आमच्या गुरुवारच्या मंडळींचं याहून वेगळं काय झालं?

हे अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. ब्रदरेनांचे मिशनरी १८९४ साली मुंबईत उतरले. पुढे वलसाड, मग डहाणू. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ब्रदरेन होते आणि आमच्या नाशिकचं अँग्लिकन चर्चही होतं. म्हणजे शांतिवाद्यांचा वारसा आमच्याही ताटात वाढलेला आहे. आम्ही तो चिवडतोय फक्त.

आणि नाशिकचं म्हणाल तर... मामा, तुम्ही रोज शरणपूर रोडवरून जाता. शरणपूर हे नाव कशावरून? शरण आलेल्यांची वस्ती. १८६० च्या दशकात तिथे मिशनने आफ्रिकन मुलं सांभाळली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली. तिथे ती शिकली, सुतारकाम, लोहारकाम करू लागली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्यांच्यात होता. तो देहाबरोबर लंडनला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत उभा राहिला. नाशिकचाच विल्यम जोन्स मोंबासाजवळ राबईला सेवा करत राहिला, १८८५ साली त्याला डीकनपदाची दीक्षा मिळाली. नाशिकने आफ्रिकेला सेवक दिले ते असे. आज त्या आफ्रिकेचा मुलगा आपल्या दारी प्रार्थनेला आला, तर आपण खोटं बोलतो!

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. "अरे, ड्रग्जच्या बातम्या वाचत नाहीस का?" वाचतो. गुन्हा करील त्याला पोलिसांनी पकडावं, भाडेकरूची नोंदही पोलिसांकडे करावी, काही हरकत नाही. पण कातडीचा रंग बघून गेट बंद करायला पोलीस सांगत नाहीत, ते आपण ठरवतो. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा आपण सगळे केवढे पेटलो होतो! फॅमिली ग्रुपवर रात्री दोनपर्यंत मेसेज चालू होते. तो राग खरा होता. मग तो गेटवर का विझला?

आणि आत्या, लग्न जुळवताना "मूळचे कोण?" हे आपण अजून हळूच विचारतोच की. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी. ज्या घरात तो प्रश्न चालतो, तिथे हा निरोपही चालणारच. दोन्हीचं मूळ एकच आहे.

उत्तम शुक्रवारी आपण कुरेनेकर शिमोनाची गोष्ट ऐकतो. प्रभूचा क्रूस वाहिला तो माणूस आफ्रिकेचा होता. तो आमच्या सोसायटीच्या गेटवर आला असता तर वॉचमनने त्याला थांबवलं असतं, आणि वरून आम्ही सांगितलं असतं की आज क्रूस नाही.

कोणी काही बोलत नाही ही शांती नव्हे, ती नुसती चुपचाप. ज्याला बाहेर ठेवलं त्याच्या जिवावर मिळालेली. शांती मागायची तर आधी त्याला आत घ्यावं लागतं, आणि मग भांडण होणार असेल तर ते अंगावर घ्यावं लागतं.

परवा मी त्याला फोन केला. खरं काय ते सांगितलं, माफी मागितली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मला पहिल्याच फोनला कळलं होतं. येतो की नाही, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

सोसायटीला पत्र दिलंय. माझ्या घरी कोण येणार ते मी ठरवणार, असं स्वच्छ लिहून. खाली सही फक्त माझी आहे. अजून जागा शिल्लक आहे.

या गुरुवारपासून प्रार्थना आमच्याकडे, संध्याकाळी सात वाजता. आत्या, तूही ये. रागावलेली असलीस तरी ये. चहा मी करतो.