ऐकणाऱ्याचा पत्ता नाही

"काय, आज कुठला आकडा आला?"

शेजारचे काका मला दर शनिवारी रात्री हा प्रश्न विचारतात. त्यांची तरी काय चूक? गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसून, कानाला हेडफोन लावून, वहीत भराभरा आकडे उतरवून घेणारा माणूस आपल्याकडे एकाच धंद्यातला असू शकतो. ओपन आणि क्लोज. एकदा मी त्यांना समजावून सांगायला गेलो की काका, हा मटका नाही, ही हेरगिरी आहे. तेव्हापासून ते जरा जास्तच संशयाने बघतात. :)

तर मंडळी, आजचा विषय नंबर्स स्टेशन. शॉर्टवेव्हवर, म्हणजे ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, रेडिओचा काटा फिरवताना कधीतरी एखादा आवाज लागतो. बाई किंवा पुरुष, बहुतेक वेळा मशीनचा. पाच-पाच आकड्यांचे गट वाचत असतो. स्पॅनिशमध्ये, रशियनमध्ये, इंग्रजीत. स्टेशनचं नाव नाही, बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं आकडे, मग "समाप्त" अशा अर्थाचा एखादा शब्द, आणि खरखर. कुठलंही सरकार "हे आमचं" म्हणून पुढे येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण आता तीन वर्षं ऐकल्यावर माझं मत असं झालंय की ह्या विषयातला सगळ्यात कमी मजेचा भाग म्हणजे हे गूढ. यूट्यूबवर बघाल तर काळा पडदा, धीरगंभीर आवाज आणि 'जगातलं सर्वात भयानक रेडिओ स्टेशन'. त्यात हमखास रशियाचा 'बझर' असतो. ४६२५ किलोहर्ट्झ, मिनिटाला साधारण पंचवीस वेळा भोंग्यासारखा घर्रर्र आवाज, चोवीस तास. म्हणे हा बंद पडला की अणुयुद्ध सुरू. अहो, तो अनेकदा बंद पडलाय आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ऑफिसला गेलोय! रशियन लष्कराची ती संदेशाची वाहिनी असावी असंच जाणकार मानतात. भोंगा वाजत असला की चॅनल चालू आहे हे कळतं, आणि दुसरं कोणी त्या जागेवर येऊन बसत नाही. मधूनच भोंगा थांबतो, एक माणूस आकडे वाचतो, शब्दाची अक्षरं नावं घेऊन फोडून सांगतो (आपण फोनवर 'मुंबईतला म' म्हणतो ना, तसं), आणि परत घर्रर्र. एसटीत खिडकीवर रुमाल टाकून जागा धरण्याचाच प्रकार. भयानक वगैरे काही नाही. शिवाय त्याला नंबर्स स्टेशन म्हणणंही तसं चूकच.

खरी कमाल आहे ती त्या पाच-पाच आकड्यांच्या मागच्या युक्तीत, आणि ती इतकी सोपी आहे की चौथीतलं पोर करेल. समजा, निरोपाचे आकडे आहेत २७१४५. माझ्याकडे आणि तुमच्याकडे एकसारखी एक छोटी वही आहे, तिच्यात नुसते कसेही पडलेले आकडे. त्यातला आजचा गट ६८३९०. बेरीज करायची, पण हातचा न घेता. २ आणि ६ आठ, ७ आणि ८ पंधरा म्हणून ५, असं करत ८५४३५. हे रेडिओवरून बिनधास्त ओरडून सांगायचं. तुम्ही तिकडे वहीतला गट वजा केलात की परत २७१४५. मग दोघांनीही ते पान जाळून टाकायचं. ह्याला वन-टाइम पॅड म्हणतात.

आता मला ८५४३५ ऐकू आलं आणि वही माझ्याकडे नाही. मी कॉम्प्युटरला सांगितलं की सगळ्या शक्यता तपासून बघ. तो बघेल, आणि मला पाच आकड्यांचं प्रत्येक शक्य उत्तर देईल, सगळी सारख्याच लायकीची. ६८३९० धरला तर २७१४५, ३११११ धरला तर ५४३२४. खरं कुठलं हे ठरवायला काही मार्गच नाही. क्लॉड शॅननने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने सिद्ध केलेलं आहे. उद्या क्वांटम कॉम्प्युटर आला तरी काही फरक पडत नाही. अट एवढीच की आकडे खरोखर रँडम हवेत आणि पान दुसऱ्यांदा वापरायचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सोव्हिएत लोकांनी काही पानं दोनदा छापली, आणि तेवढ्या एका चुकीवर अमेरिकेचा व्हेनोना प्रकल्प उभा राहिला. तीन हजारांच्या आसपास तारा थोड्याफार उलगडल्या. 'बॅच जॉबमध्ये डुप्लिकेट रेकॉर्ड' ह्या जातीची चूक! आपल्याकडे त्यासाठी फक्त एक मेल येते.

म्हणजे हे लोक पकडले जातच नाहीत का? जातात की. पण रेडिओमुळे नाही, घरातल्या कॉम्प्युटरमुळे. आना मोंतेस ही अमेरिकी संरक्षण गुप्तचर खात्यातली क्यूबा विषयातली तज्ज्ञ, आणि क्यूबाचीच हेर. घरी सोनीचा शॉर्टवेव्ह रेडिओ, त्यावर आकडे घ्यायचे, तोशिबाच्या लॅपटॉपवर उलगडायचे. काम झालं की मजकूर वाइप प्रोग्रॅमने पुसून टाक अशी तिला सूचना होती. ती सूचनाच एफबीआयला हार्ड डिस्कवर सापडली, कारण बाईंनी नीट पुसली नव्हती. २००१ च्या सप्टेंबरमध्ये अटक, पंचवीस वर्षांची शिक्षा, २०२३ च्या जानेवारीत सुटका. कोड अभेद्य, ऑपरेटर आळशी. आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या सिक्युरिटी ऑडिटचा निष्कर्ष हाच असतो.

दुसरा किस्सा सांगताना मात्र मला विनोद सुचत नाही. १९९८ मध्ये फ्लोरिडात क्यूबाच्या हेरांचं एक जाळं पकडलं गेलं. त्यांच्याकडच्या डिस्कांवरून हवाना स्टेशनवरचे निरोप उलगडले आणि कोर्टात आले. हौशी लोक ज्या स्टेशनला 'अतेन्सियोन' म्हणायचे तेच. एक निरोप महिला दिनाचा होता, सगळ्या महिला सहकाऱ्यांना शुभेच्छा द्या असा. आणि एका निरोपात सांगितलं होतं की फेब्रुवारीच्या २४ ते २७ तारखांना आपल्या माणसांनी 'ब्रदर्स टू द रेस्क्यू' ह्या संघटनेच्या विमानांतून कुठल्याही परिस्थितीत उडू नये. २४ फेब्रुवारी १९९६ ला क्यूबाच्या लढाऊ विमानांनी त्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. चार माणसं गेली.

महिला दिनाच्या शुभेच्छा आणि हे, दोन्ही त्याच आवाजात आले असणार, तसेच पाच-पाच आकडे. त्या काळात फ्लोरिडात कितीतरी हौशी मंडळी ते स्टेशन ऐकायची, वेळ आणि फ्रिक्वेन्सी टिपून ठेवायची. हे वाचल्यापासून मी वहीत आकडे लिहिताना मधेच थांबतो. थांबून काय करणार, काहीच नाही, परत लिहायला लागतो. पण पूर्वी जी शब्दकोडं सोडवल्यासारखी मजा यायची ती आता येत नाही एवढं खरं.

मग ही यंत्रणा चांगली की वाईट? माझं उत्तर तुम्हाला कदाचित पटणार नाही. मला वाटतं, तिचा एक गुण जगातून नाहीसा होता कामा नये. तो गुण कोडचा नाहीये, रेडिओचा आहे. शॉर्टवेव्ह वर जाते, आयनोस्फिअरवरून वाकून हजारो किलोमीटरवर खाली येते, आणि तिथे कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला कळत नाही. शत्रूला कळत नाही, मित्रालाही नाही. दुकानात मिळणारा साधा रेडिओ, खिडकीबाहेर दहा मीटर वायर. (पुण्यात मात्र एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टची मोटर ह्यांच्या आवाजातून काही ऐकू यायला नशीब लागतं. गच्ची त्याचसाठी.)

आणीबाणीत आमचे आजोबा रात्री रेडिओ अगदी बारीक करून बीबीसी ऐकायचे. भीती होती ती शेजाऱ्यांची, लंडनला आपलं नाव कळेल अशी भीती कुणाला नव्हती. बीबीसीने हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर बंद केलं. इंटरनेट आलं, स्वस्त झालं, कोण ऐकतो आता, हा हिशोब मला समजतो. पण त्याच बीबीसीने मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी पुन्हा शॉर्टवेव्ह लावलीच ना? रशियात साइट ब्लॉक करता येते, कोणी उघडली ते बघताही येतं. आयनोस्फिअर ब्लॉक करायला आकाशभर जॅमर लावावे लागतात. अडगळीत टाकलेली वस्तू लागली की शोधायची, ही आपलीच सवय असं मला वाटायचं.

आता प्रामाणिकपणाचा भाग. 'कळत नाही' हे शंभर टक्के खरं नाही. जुन्या सुपरहेट रेडिओच्या आत एक ऑसिलेटर असतो, तो थोडासा बाहेर गळतो. पीटर राइट ह्यांच्या १९८७ च्या 'स्पायकॅचर' पुस्तकात आहे की ब्रिटिश एमआय-५ ने हीच गळती पकडून सोव्हिएत हेर कुठल्या घरात रेडिओ लावून बसलेत हे शोधायचं तंत्र काढलं होतं. पण त्यासाठी गाडी घेऊन त्या भागात फिरावं लागत होतं! एका माणसाच्या पाळतीसाठी एवढी मेहनत असेल तर सरकार दहा वेळा विचार करतं. मला सुरक्षितता म्हणून एवढंही पुरेसं वाटतं.

आणि आणखी एक कबुली. पावसाळ्यात गच्ची बंद असते, तेव्हा मी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर वापरतो. म्हणजे रिसीव्हर तिकडे, आवाज इंटरनेटवरून माझ्या घरी. भन्नाट प्रकार आहे, मोफत आहे, जरूर बघा. पण त्याच्या पानावर इतर श्रोते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहेत हेसुद्धा दिसतं. ज्या माध्यमात श्रोता दिसत नाही, ते ऐकायला मी अशा ठिकाणी जातो जिथे मी सगळ्यांना दिसतो. काकांना हे सांगितलं असतं तर ते हसून हसून पडले असते.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. मी नोकरीत जे करतो ते शॉर्टवेव्हच्या नेमकं उलट आहे. आमचं ऑडिओ ऐकवणारं ॲप आहे. तुम्ही काय ऐकलं, कुठल्या सेकंदाला थांबवलं, किती वाजता, कुठल्या गावात, ते दर दहा सेकंदांनी आमच्याकडे येतं. तो कोड मी लिहिलाय, आणि चांगला लिहिलाय. मागच्या महिन्यात क्लायंटसमोर डेमो होता. मॅनेजर म्हणाले, एखादा युजर उघडून दाखव. मी कुठलाही एक आयडी टाकला. चार सेकंदांत पडद्यावर आलं की ही व्यक्ती सलग अकरा रात्री, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, झोप न येणाऱ्यांसाठीची एकच ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकतेय. नाव नव्हतं. पण तालुका होता, फोनचं मॉडेल होतं. खोलीत दोन-तीन जण हसले, मग कुणीच हसलं नाही. क्लायंट म्हणाला, इम्प्रेसिव्ह.

मला तेव्हा मोंतेस बाई आठवल्या. देशाशी बेइमानी करणाऱ्या बाईला क्यूबाने जेवढा आडोसा दिला होता, तेवढा आम्ही एका झोप न येणाऱ्या माणसाला दिलेला नाही. तुलना ओढूनताणून केलीय म्हणा हवं तर. त्याच आठवड्यात मी एक प्रस्ताव लिहिला की माणसागणिक नोंदी ठेवायच्या नाहीत, कुठली ध्वनिफीत दिवसाला किती वेळा वाजली एवढीच बेरीज ठेवायची. बिलिंगला तेवढं पुरतं, मी तपासून बघितलंय. रिव्ह्यूमध्ये कुणी विरोध केला नाही. "चांगली कल्पना आहे, पुढच्या तिमाहीत बघू" असं ठरलं, आणि तिकीट बॅकलॉगमध्ये खालून तिसरं आहे. दर सोमवारी मी ते एक घर वर सरकवतो, शुक्रवारपर्यंत कोणीतरी परत खाली नेतं.

असो. साडेअकरा वाजत आले. आज आकाश मोकळं आहे, लिफ्टही बराच वेळ हललेली नाही. वही, पेन्सिल आणि थर्मास घेऊन वर जातो. काका जागे असतील तर आकडा विचारतीलच.