समुद्र ओलांडलेले हात

उडुपीच्या कृष्णमूर्तीला कोणी हात लावायचा, हा वाद सोलापूरला परका नाही. इथल्या माध्व घरांपैकी कोणाचे गुरू उत्तरादि मठाचे, कोणाची वारी मंत्रालय क्षेत्राची; पण उडुपीचा कृष्ण सगळ्यांचा. तिथले आठ मठ दोन-दोन वर्षांच्या पाळीने त्याची पूजा करतात, त्यालाच पर्याय म्हणतात. पुत्तिगे मठाचे सुगुणेंद्रतीर्थ स्वामी अमेरिकेला जाऊन आले, तिथे त्यांनी कृष्णमंदिरे उभी केली आणि २००८ च्या त्यांच्या पर्यायावेळी वादंग उठले. समुद्र ओलांडलेल्या यतीने मूर्तीला स्पर्श करू नये, असा इतर मठांतून आक्षेप आला. १८ जानेवारी २०२४ रोजी त्यांचा चौथा पर्याय सुरू झाला, तेव्हाही तोच आक्षेप डोके वर काढून उभा होता. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यांच्या पूजेला विरोध करणारी याचिका फेटाळली गेली.

आक्षेप घेणारे म्हणतात, शास्त्रात निषेध आहे. आहेच, तो झाकून काय उपयोग? बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत मोजला आहे. आपल्याच पंढरपुरात काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधू’तही कलिवर्ज्यांची यादी आहे आणि समुद्रप्रवास तीतही येतो. पण कलिवर्ज्यांचा आधार घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. कलियुगात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत अग्निहोत्र आहे आणि खुद्द संन्यासही आहे! हा निषेध अक्षरशः पाळला असता तर आठांपैकी एकाही स्वामींच्या हाती दंड आला नसता. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी त्यातून वाट काढली: वर्णविभाग आणि वेद चालू आहेत तोवर संन्यास घेता येतो. परंपरा जगवण्यासाठी जी मोकळीक संन्यासाला मिळाली, ती समुद्राला का नाकारायची, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यायला हवे. ते मला आजवर कुठे मिळालेले नाही.

यतीचे नियम गृहस्थाहून कडक असतात, हेही म्हणणे मला मान्य आहे. पण समुद्रप्रवासाचा निषेध द्विजमात्राला आहे, एकट्या यतीला नाही. आषाढी एकादशीला मुद्राधारणेची रांग पाहा. होमाच्या निखाऱ्यावर शंख-चक्राच्या मुद्रा तापत असतात, स्वामी एकेकाच्या दंडावर त्या टेकवतात, क्षणभर चटका बसतो आणि माणूस हात जोडून पुढे सरकतो. त्या रांगेत न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेला मुलगाही असतो. तू विमानाने आलास, मागे हो, असे त्याला कोणी म्हणत नाही. मठाच्या पावतीपुस्तकातही त्याच्या देणगीला वेगळे पान नसते. शिष्याचा प्रवास चालतो, मग त्याच शिष्यासाठी गुरू गेला की हात विटाळतात, हे मला पटत नाही.

स्पर्शाने देवाचे काही उणे होते, हा धाक आमच्या जिल्ह्याने फार जवळून पाहिला आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले झाले. त्या वेळी काहींनी विठ्ठलाचे तेज घागरीत काढून ठेवल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. पुढे काय झाले, ते वारीच्या दिवसांत पाहावे. त्याच विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला माणसे तासन् तास उभी असतात आणि कोणी कोणाची जात विचारत नाही.

मात्र न्यायालयाचे नाव घेऊन मठांची टर उडवणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. याचिका फेटाळली गेली म्हणून शास्त्रार्थ निकालात निघत नाही. ‘धर्मप्रसारासाठी सगळे माफ’ हेही मला मान्य नाही. संन्यास घेतलेल्या माणसाला प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्रिकाळ स्नान झाले का? सोवळ्यातला स्वयंपाक, जप, एकादशीचा निर्जळ उपास, चातुर्मासातले एका जागी राहणे हे सगळे परमुलखातही पाळले का? पाळले असेल तर ते हात पूजेला योग्य आहेत. पाळले नसेल तर जन्मभर उडुपीच्या मंदिराभोवतीची रथबीदी न सोडूनही ते योग्य होणार नाहीत.

पुत्तिगे मठाची पाळी आता २०४० मध्ये येईल. तोवर आठही मठांच्या यतींनी एकत्र बसून लेखी निर्णय द्यावा आणि त्यात यतीचे आह्निक तपासावे, पासपोर्ट नव्हे.