पदवीनंतरची दोन वर्षे

गेल्या पंधरवड्यात एक वयस्क गृहस्थ आमच्या कार्यालयात येऊन बसले. त्यांचा थोरला मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आला आहे. एका ठेकेदाराकडे नोकरी मिळत आहे. मुलगा मात्र एम. टेक. करीन म्हणतो. “आमच्या घराण्यात एवढे शिकलेले कोणी नाही, साहेब. आता आणखी दोन वर्षे थांबायचे, तर धाकटीची फी कोणी भरायची?” हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. वाचकहो, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या उभा राहणार आहे. सबब त्याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मुलास एक गोष्ट विचारा. तो पुढे शिकू इच्छितो तो विषयासाठी, की नोकरी शोधण्याचा दिवस लांबणीवर टाकण्यासाठी? संगणकाच्या धंद्यात पुष्कळ कामे पदवीवर मिळतात आणि अनुभवानेच वाढतात. तेथे केवळ भीतीपोटी दोन वर्षे घालविणे आम्हांस रुचत नाही. उलटपक्षी उंच इमारतींचे व पुलांचे आराखडे, जमिनीच्या धारणशक्तीचा अभ्यास हे विषय पदवीच्या वर्गात तोंडओळखीपुरतेच शिकविले जातात. त्यांचे खरे शिक्षण पदव्युत्तर वर्गातच होते. आणि ज्याला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावयाचे आहे, त्याला तर ती पदवी अपरिहार्य आहे; तिच्यावाचून सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्जसुद्धा करता येत नाही. वर्गात बसणारी आपली मुले वाढली. फळ्यापाशी उभी राहणारी आपली माणसे किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन पाहावे.

आता पैशाचा हिशेब. ‘गेट’ ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम. टेक.ला प्रवेश मिळविणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, ते २४ महिने. म्हणजे एकूण २,९७,६०० रुपये. त्यातून वसतिगृह आणि जेवण निघते, घरी पाठविण्यास फारसे उरत नाही. हे मुलाने आईबापांस आधीच स्पष्ट सांगावे. आईबापांनीही दोन वर्षांचा बुडालेला पगार त्याच्या माथी कर्ज म्हणून मांडू नये. खाजगी महाविद्यालयात विद्यावेतनावाचून, भरमसाट फी भरून, शेत गहाण टाकून ही पदवी घेण्याचा सल्ला मात्र आम्ही कोणासही देणार नाही.

परदेशी जाण्याची योग्यता असेल, तर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. हे उपकार नव्हेत. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांस जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तांत्रिक शिक्षणासाठी, तसेच परदेशी शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा अशी मागणी होती. केवळ वकिली आणि साहित्य शिकून समाजाचे भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

नोकरी आधी, शिक्षण मागाहून, असा मार्गही आहे, आणि तो कमीपणाचा नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. पुढे १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी नोकरी केली, पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज जमेस धरून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. झाले, १९२३ साली डी. एस्सी. आपल्या मुलासही एवढी तजवीज करता येईल: ‘गेट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. या वर्षी परीक्षा देऊन, वर्षभर नोकरी करून, धाकटीची फी भरून तो पुढील वर्षी प्रवेश घेऊ शकतो. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांस आम्ही हेच सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. जाताना त्यांनी परीक्षेच्या तारखा तेवढ्या लिहून घेतल्या.

परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज त्याआधी कित्येक महिने भरावे लागतात, आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांस शुल्क निम्मे असते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्याही सवलती मिळतात. परंतु राज्याच्या नमुन्यातील दाखला केंद्रीय संस्थेत चालेलच असे नाही. तेव्हा केंद्रीय नमुन्यातील दाखल्यासाठी तहसील कचेरीत आताच अर्ज करून ठेवावा. प्रवेशाच्या आठवड्यात तो हाती पडत नाही.