बुटांचा बडेजाव

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. काट्याकुट्यांच्या रानात पायी शिकारीला जाणाऱ्या माणसासाठी 'हंटिंग बूट' या नावाखाली जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं निरुपयोगी असतं. नुसतं महाग असतं तर मी गप्प बसलो असतो. ज्याचे पैसे त्याचा खिसा. पण त्या बुटांपायी जनावर जखमी होऊन कुठल्यातरी झुडपात रात्रभर तडफडतं. आणि ते कुणाला दिसत नाही, म्हणून बुटांना कुणी बोल लावत नाही.

लिहायला निमित्त झाले आमच्या ताईचे चिरंजीव. सध्या मुक्काम दक्षिण आफ्रिकेत, लिम्पोपो प्रांतात. ऑफिसातल्या मंडळींनी थंडीत कुडूच्या शिकारीला बरोबर चल म्हणून बोलावलं. यानं पहिली गोष्ट काय केली, तर बूट घेतले आणि मला फोटो पाठवला. घोट्याच्या वर वीतभर उंच, आत पाणी न शिरू देणारं अस्तर, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा, आणि वजन एका बुटाचं नऊशे ग्रॅम. सोबत एक ओळ: "मामा, काटा सोडा, खिळासुद्धा आत जाणार नाही!"

अरे बाबा, तू खिळ्यांच्या शिकारीला चालला आहेस का?

(नातेवाईक मंडळींसाठी खुलासा, नाहीतर फोन येतील. पोरगा बंदूक धरणार नाही, नुसता बरोबर चालणार आहे. आपल्याकडे हौशी शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आवळत आणलं आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरलीही गेली, ते योग्यच झालं. तिकडे खाजगी रानांवर ती कायदेशीर आहे. मी त्या भागात पाच वर्षं नोकरी केली, शिकाऱ्यांबरोबर पुष्कळ चाललो, गोळी एकही झाडली नाही. चालण्याबद्दल आणि बुटांबद्दल मात्र बोलणार.)

तर कुडू. आपल्या सांबरासारखा दांडगा, पीळदार शिंगांचा प्राणी. नर दोनशे किलोंच्या वर जातो. त्याचे कान बघितलेत कधी? सुपाएवढे! शिकारीचा मोसम साधारण मे ते ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा. पाऊस संपून महिने लोटलेले असतात, गवत वाळून कडकडीत आणि पानांचा पापड. अशा रानात माणूस दिवसभर माग काढत चालतो, वाऱ्याच्या विरुद्ध, वाकून, आणि शेवटचे दीडदोनशे मीटर तर श्वास धरून. तिथे तुमचा बूट एका काटकीवर पडला आणि 'कट्' झालं की संपलं. कुडू पळतो. पळाला तर ठीकच आहे, जीव वाचला बिचाऱ्याचा. पण बरेचदा तो पळण्याआधी घाईघाईत, लांबून, फांद्यांमधून गोळी जाते. मग पोटाला लागलेलं जनावर, रक्ताचे थेंब, संध्याकाळपर्यंत शोधाशोध. तिकडच्या पुष्कळ रानांवर रिवाज आहे की रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे भरायचे. पैसे भरले की हिशेब मिटतो. जनावराचा मिटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की शिकारीच्या बुटाचं पहिलं काम पाय वाचवणं हे नव्हेच. जमीन पायाला कळू देणं हे पहिलं काम. पाऊल पूर्ण टेकायच्या आधी खाली काटकी आहे हे तळव्याला समजलं पाहिजे, म्हणजे पाय उचलून दुसरीकडे ठेवता येतो. दीड इंच जाडीच्या, लाकडासारख्या ताठ सोलमधून कसलं डोंबल समजणार? वाजल्यावर समजतं.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, "पण काटे?" बरोबर आहे, काट्यांबद्दल बोलू. ते काटे आपल्याला परके नाहीत बरं का. तिथे आपल्या बोरीची सख्खी चुलतबहीण आहे. जोडीजोडीनं काटे, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. आफ्रिकान्समध्ये त्या झाडाचं नाव 'जरा थांब' अशा अर्थाचं आहे, काय चपखल! सराटे तिथेही आहेत. कुसळं तर हुबेहूब माळावरची. आणि आपण जिला दुरंगी बाभूळ म्हणतो, अर्धा गुलाबी अर्धा पिवळा तुरा येतो ती, तिनं तर तिकडे रानंच्या रानं व्यापली आहेत. तिचा काटा म्हणजे टोकदार झालेली आखूड फांदीच, गाडीचा टायर पंक्चर करणारी. जो काटा टायरला ऐकत नाही, त्याच्यापुढे दुकानदाराची छातीठोक ग्वाही किती टिकणार?

आता गंमत बघा. खोल खाचांच्या सोलमध्ये रबर सगळ्यात पातळ कुठे असतं? खाचेच्या तळाशी. काटा नेमका तिथून शिरतो. शिवाय त्या खाचांत खडे अडकतात आणि खडकावरून चालताना टक् टक् टक् वाजत राहतात, जसं काही लग्नाची वरात चाललीय. दुसरं टोक म्हणजे पळायचे मऊ स्पोर्ट शूज. त्यांचा तळ फोमचा. आपल्या रबरी स्लीपरमधून बाभळीचा काटा आरपार येतो हे गावाकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्याच जातीचा हा माल. वरचं जाळीदार कापड काट्याला अडवत नाही ते नाहीच, वर फांदीला घासलं की खरखर आवाज करतं. काही जण आत पोलादी पत्रा घातलेले कारखान्याचे बूट सुचवतात. ते कारखान्यातच ठेवावेत.

मधलं काय ते तिकडच्या लोकांनी कधीच शोधून ठेवलंय. 'फेलस्कून', लाडानं 'फेलीज'. 'फेल' म्हणजे कातडं. सतराव्या शतकात केपला आलेल्या डच लोकांनी तिथल्या खोईखोईंचे कातडी जोडे पाहून हा बूट बेतला असं मानतात. घोट्यापर्यंतचं मऊ पण चिवट चामडं, अस्तर नाही, दोनचार भोकांची नाडी आणि खाली एकसंध रबरी सोल. संपलं! त्यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून शहरातल्या दुकानात तो कोपऱ्यात पडून असतो. (शहराला तो आवडला तोही फॅशन म्हणून. दुसऱ्या महायुद्धात क्लार्क घराण्यातल्या नेथनला ब्रह्मदेशात अधिकाऱ्यांच्या पायात कैरोच्या बाजारात शिवलेले असे बूट दिसले, आणि १९५० च्या सुमारास त्यातून 'डेझर्ट बूट' आला. त्याचा क्रेपचा सोल आवाज करत नाही हे खरं, पण उन्हात मऊ पडतो. काट्यांच्या रानात नको.)

सोल घट्ट रबराचा हवा, साधारण सेंटिमीटरभर जाड, खाचा उथळ. दोन्ही हातांत धरून पुढचा भाग दुमडून बघावा. दुमडला नाही तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं. आमच्याबरोबर माग काढणारे जे म्हातारे त्सोंगा गृहस्थ असत, त्यांच्या जुन्या चामडी बुटांना ट्रकच्या टायरचा सोल मारलेला होता. थेट आपल्या धनगरांच्या टायरच्या वहाणांची आठवण व्हावी असा. ते पुढे चालत तेव्हा मला फक्त माझा आवाज ऐकू येई.

वजनाबद्दल दोन शब्द, कारण यात लोक फार फसतात. पायावरचा एक किलो हा पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका दमवतो, हे लष्करी संशोधकांनी मोजून ठेवलेलं आहे. घरगुती हिशेबही सोपा आहे. वीस किलोमीटर चाललात, सत्तर सेंटिमीटरचं एक पाऊल धरलं, तर अठ्ठावीस हजार पावलं, म्हणजे एकेका पायाची चौदा हजार. बूट चारशे ग्रॅमनं जड असेल तर एकेका पायानं दिवसभरात साडेपाच टन जास्तीचे उचलले. दुपारी तीननंतर माणूस पाय उचलत नाही, ओढतो. आणि ओढणारा पाय आवाज करतोच.

ते पाणी न शिरणारं अस्तर तर मला कोडंच आहे. महिनोन्महिने जिथे पाऊस नाही तिथे पाणी येणार कुठून? आतून! घामाचं. पाय शिजतो, कातडी मऊ पडते, फोड येतो, आणि बूट चावायला लागला की माणसाचं लक्ष मागावरून उठून टाचेकडे जातं.

सापांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पफ अ‍ॅडर त्या रानात असतो, हलत नाही, वाटेतच पडून राहतो. थंडीत त्याचा वावर कमी असतो, पण शून्य नाही. त्यासाठी घोट्यापर्यंतचं चामडं, त्यावर जाड कापडाचे किंवा चामड्याचे पायपट्टे, आणि मुख्य म्हणजे खाली बघून चालणं. जड बूट घातलेला माणूस नेमकं हेच सोडून देतो, बेफिकीर होतो. आणि खरोखर उंच बूट ज्यांना हवेत ते शिकारी नव्हेतच. भारतात या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत सर्पदंशानं वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालाय. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यातली. भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या बाईला साधा गमबूट मिळत नाही, आणि आमचे पुण्यातले वीर हिंजवडीच्या मॉलमध्ये 'स्नेकप्रूफ' बूट घालून बघतात! असो. तो वेगळा लेख होईल.

कॉर्बेटवर आपल्या किती पिढ्या पोसल्या. ११ एप्रिल १९३० ला चौगडची वाघीण त्याला आठ फुटांवर समोरासमोर भेटली. सगळ्यांना त्याची बंदूक आठवते, हातातली पक्ष्याची अंडी आठवतात. पायात काय होतं ते विचारा. पातळ रबरी तळाचे बूट! नरभक्षक वाघामागे, कुमाऊँच्या काटेरी ओढ्याओहोळांतून. त्या माणसाला जाड बूट परवडत नव्हते असं थोडंच आहे?

याच्या उलट टोकाला गेलेलेही भेटतात, त्यांनाही सोडायचं कारण नाही. "कलाहारीतले सान लोक अनवाणी शिकार करतात, आपणही निसर्गाच्या जवळ जावं" वगैरे. एक तर त्यांचा तळवा लहानपणापासून तयार झालेला. आपला टाइल्सवर वाढलेला. दुसरं, त्याच सान लोकांनी जाड कातड्याच्या वहाणाही पूर्वापार केल्या आहेत. काटा कुणालाच आवडत नाही हो! अनवाणी चालण्याचं कौतुक ज्याला दुसरा पर्याय आहे तोच करतो. माझ्या आजीच्या दोन्ही पायांना काटे मोडून कुरुपं झाली होती. तिला कुणी निसर्गाच्या जवळ गेल्याबद्दल शाबासकी दिल्याचं ऐकलं नाही.

आता पोराला जे कळवलं ते इथेही लिहितो, कुणाला उपयोग झाला तर झाला. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. उतारावर अंगठा पुढे आपटता कामा नये. निदान दोन महिने रोज ऑफिसला घालायचे, लोक हसले तर हसू देत. मोजे लोकरीचे, पण त्यांवर आखूड पायपट्टा हवाच, कारण कुसळं मोज्यात शिरली की चालता चालता आत आत सरकतात आणि दहा मिनिटांत माणसाला नाचायला लावतात. नाडीचा फासा पट्ट्याच्या आत. रात्री बूट उलटे करून दिव्याखाली सोल बघायचा आणि दिसेल तो काटा पक्कडीनं उपटायचा. आज अर्धा शिरलेला काटा उद्या पूर्ण शिरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधी. आणि पिशवीत जुन्या जाड लोकरी मोज्यांचा एक मोठा जोड ठेवायचा, पायात घालायला नव्हे, शेवटच्या शंभर पावलांना बुटावरून चढवायला. परत आल्यावर त्या मोज्यांची दशा बघवत नाही, आणि ते धुवायला ताईकडे पाठवायचे नाहीत. :)