'पडीक' हा शब्द कोणी वाचायचा?

आंतरविद्याशाखीय चर्चासत्रांत अलीकडे एक दृश्य हमखास पाहायला मिळते. पडद्यावर डावीकडे एखादा ब्रिटिशकालीन नकाशा, उजवीकडे उपग्रहाने टिपलेली प्रतिमा. वक्ता काठीने दोन्हींकडे निर्देश करतो, 'तेव्हा' आणि 'आता' एवढे दोनच शब्द उच्चारतो, आणि आपल्या कलानुसार विकास झाल्याचे किंवा विनाश झाल्याचे जाहीर करतो. सभागृहातली मराठी विभागाची मंडळी टाळ्या वाजवून चहाकडे वळतात. हा आपला प्रांत नव्हे, अशी आपली पक्की समजूत! आमचे म्हणणे असे की हा प्रांत आपलाही आहे, आणि तो आपण सोडून दिल्यामुळे साहित्याचे तर नुकसान झालेच, पण जमिनीचेही झाले.

हे केवळ आवेशाने म्हणत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याचे उदाहरण घेऊ.

१८२०च्या दशकात प्रिंगल यांनी दख्खनेत केलेल्या आकारणीचा सारा शेतकऱ्यांना पेलला नाही आणि जमिनी सोडून देण्याची पाळी आली. ती आकारणी मोडीत काढून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६च्या सुमारास नवी महसुली मोजणी सुरू केली ती याच इंदापुरात. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीचे वर्ग पाडायचे, सारा हलका ठेवायचा आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही, ही ती पद्धत. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आणणे हा तिचा उघड हेतू होता. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत रूढ झाली.

आता या कागदपत्रांतला 'पडीक' हा शब्द वाचू. साऱ्याच्या ओझ्याखाली कुणब्याने सोडून दिलेले शेत पडीक. नापीक म्हणून कधीच न नांगरलेली मुरमाड जमीनही पडीक. आणि पावसाळ्यानंतर ज्यावर धनगरांची मेंढरे चरतात तो गवताळ माळ? तोही पडीकच! तीन वेगळे इतिहास एका शब्दात कोंबले गेले, कारण सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ एकच होता : येथून उत्पन्न नाही. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो, हे आपण एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो. मग तो पाठ नकाशापाशी येऊन का थांबावा?

'जुने नकाशे पक्षपाती असतील, पण उपग्रह खोटे बोलत नाही' असा प्रतिवाद होईल. उपग्रह खोटे बोलत नाही हे मान्य. तो बोलतच नाही! १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅटची दृष्टी सुमारे ८० मीटरांची होती. म्हणजे दीड एकराहून थोडी मोठी जागा हा त्याचा एक ठिपका. त्यात विहीर, वाडा, बांध, देऊळ असे काही वेगळे दिसत नाही. शिवाय अवरक्त किरणांच्या आधारे रचलेल्या कृत्रिम रंगांच्या प्रतिमेत हिरवी, रसरशीत वनस्पती लाल दिसते. एप्रिल महिन्यात बागायती ऊस लालभडक दिसेल आणि वाळलेल्या गवताचा माळ उघड्या मुरमासारखा. तोच माळ सप्टेंबरात पाहिला तर निराळा दिसेल. प्रतिमा कोणत्या महिन्याची हे न सांगता 'तेव्हा' आणि 'आता' म्हणणे ही वाचनातली चूक आहे, आणि ती यंत्राच्या माथी मारता येत नाही.

खरी मेख तर सूचीत आहे. प्रतिमेतल्या रंगाला नाव माणूसच देतो. २००० सालापासून प्रसिद्ध होत आलेल्या भारताच्या पडीक भूमीच्या ॲटलासची पाने उघडावीत. खुरट्या झुडपांची जमीन, अवनत चराऊ जमीन असे वर्ग तेथे पडीक या शीर्षकाखालीच मांडलेले आहेत. विंगेटच्या काळचा शब्द उपग्रहावर स्वार होऊन परत आला तो असा! इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचा माळ आहे. चिंकारा, लांडगे, माळावरचे पक्षी तेथे नांदतात, मेंढपाळ तेथून ये-जा करतात. अशी भूमी एकदा 'पडीक' ठरली की तेथे झाडे लावावीत, सौर पट्ट्या बसवाव्यात, काहीही करावे, हे सुचवणे सोपे होते. जे मुळात रिकामे आहे ते भरण्याला कोण हरकत घेणार?

येथे आम्हांला आपल्याच गोटाकडे वळले पाहिजे. धनगरांच्या वस्तीची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिचा माणदेश इंदापूरपासून फार दूर नाही. ती आपण वर्षानुवर्षे शिकवतो. वर्गात 'माळ म्हणजे काय?' असे विचारले की 'ओसाड जमीन' हे उत्तर येते, आणि आपण ते खपवून घेतो. कादंबरीत जो माळ माणसांना आणि मेंढरांना जगवतो तो आपल्या टिपणांत निव्वळ 'वातावरण' होऊन बसतो. म्हणजे महसुली कारकुनाचीच व्याख्या आपण रसग्रहणाच्या नावाने पुढे चालवतो!

दुसरी एक पळवाट आम्हांला तितकीच अमान्य आहे. 'नकाशे सत्तेचे, आम्ही लोकांच्या आठवणींवर विसंबू' असे म्हणणारे मित्र आहेत. आठवणींचे मोल आम्ही जाणतो. पण किती माळ उसाखाली गेला, हे आठवण सांगू शकत नाही. एकाच ऋतूतल्या, दहा-दहा वर्षांच्या अंतराच्या प्रतिमा सांगू शकतात. उलट, भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्यानंतरच्या प्रतिमेत निळ्या पाण्याचा विस्तार दिसतो, पण त्या पाण्याखाली काय आहे हे ती सांगत नाही. ते धरणापूर्वीच्या स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजे टोपोशीटवर, गावाच्या नावानिशी सापडते. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक छायाचित्रे काढायला जातात. मंदिराभोवतीच्या शेतांना काय नावे होती, हे मात्र विस्थापित पिढीलाच ठाऊक आहे. नकाशा, प्रतिमा आणि आठवण हे तीन पाठ आहेत. पाठभेद लावणे ही तर आपली जुनी विद्या.

लँडसॅटचा संग्रह २००८ सालापासून सर्वांना विनामूल्य खुला आहे, त्यामुळे साधनांची सबब उरलेली नाही. ग्रामीण साहित्याच्या प्रत्येक अभ्यासपत्रिकेत एका तरी कृतीशेजारी तिच्या मुलखाचे टोपोशीट असावे. विद्यार्थ्यांनी त्याची सूची कवितेइतक्याच बारकाईने वाचावी, आणि माळ, कुरण, गायरान, पोटखराबा या शब्दांचे अर्थ त्या मुलखात राहणाऱ्यांना विचारून यावे. एवढे झाले तर पुढच्या चर्चासत्रात पडद्यावर 'पडीक' हा शब्द उमटताच मराठी विभागातले कोणीतरी उठून विचारील : पडीक कोणाच्या हिशेबाने?

तो प्रश्न विचारण्याइतपत भाषा आपल्याला येते. चहा थोडा थांबू शकेल.