ऐकू येतं, पण पुरतं नाही

‘हाक मारली की लगेच वळून बघतो, प्रश्न विचारला की मख्ख! बहिरा कसला, लक्षच नसतं त्याचं.’ शाळाशाळांमधून हे बोलणं कानावर येतं, आणि दरवेळी मला त्या मुलाची काळजी वाटते.

सौम्य श्रवणदोष नेमका इथेच निसटतो. अशा मुलाला घंटा ऐकू येते, मधल्या सुट्टीत तो गप्पाही मारतो. बुडतात ते स, फ, त असे हलके उच्चार. बाई ‘साठ’ सांगतात, वहीत ‘आठ’ उतरतात. मग तो लिहिण्याआधी शेजारच्या वहीत डोकावतो आणि कॉपी केली म्हणून बोलणी खातो. बाई फळ्याकडे तोंड करून बोलू लागल्या की ओठांचा आधारही जातो. वर पंख्याची घरघर, त्यात बाक मागचा.

कारण अनेकदा साधं असतं: कानातला मळ, किंवा सर्दीनंतर पडद्यामागे साचलेला द्राव. द्राव कमी-जास्त होतो तसं ऐकणंही बदलतं. सोमवारी नीट उत्तर देणारं मूल गुरुवारी गप्प बसलं, की ते लहरी ठरतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत आणखी एक गफलत होऊ शकते. घरी कोकणा बोलणारं मूल अडखळलं, की दोष भाषेवर जातो. कान कोणी तपासत नाही.

कायदाही या मुलांपर्यंत पोचत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारा’ ही नोंद दोन्ही कानांत 60 डेसिबल तूट असेल तरच होते. सौम्य दोष 20 ते 35च्या घरातला. प्रमाणपत्र नाही, म्हणून सवलत नाही. नुकसान मात्र खरं आहे: फ्रेड बेस यांच्या 1998च्या अमेरिकी अभ्यासात असा अल्प दोष असलेली 37 टक्के मुलं कधी ना कधी एका इयत्तेत मागे राहिलेली आढळली.

2013मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्याच्या वाट्याला मूल येतं काही मिनिटं. शिक्षकांसमोर ते वर्षभर असतं. म्हणून पथक येण्याआधी संशयित मुलांची यादी वर्गशिक्षकांनीच द्यावी, आणि त्या मुलांची यंत्रावर श्रवणचाचणी व्हावी. नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालयासारखी कर्णबधिर मुलांची शाळा आहे. अशी मुलं ओळखायची कशी, हे सांगायला तिथल्या विशेष शिक्षकांना जिल्हा परिषदेने शाळांच्या समूह केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलवावं, आणि येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या श्रुतलेखनाच्या वह्या सोबत आणाव्यात.